परदेशी तैनातीवरच्या स्कॉटिश सैनिकांचे जुने स्टुडिओ फोटो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, ऑनलाइन लिलाव, एखाद्या बंगल्याच्या आवराआवरीत निघालेला अल्बम. किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा चुण्यांचा, गुडघ्यापर्यंतचा घागरा) घातलेल्या गोऱ्या शिपायाचा पुठ्ठ्यावर डकवलेला फोटो यांपैकी कुठेही समोर येतो. बहुतेक वेळा तो शोभेची वस्तू म्हणून विकला जातो आणि तसाच फ्रेम होऊन भिंतीवर जातो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण नीट पाहिलं तर त्या एका पुठ्ठ्यावरून पलटण, दशक, गाव आणि कधी कधी माणूससुद्धा सापडतो. ज्यांना असा फोटो मिळाला आहे आणि पुढे काय करावं हे कळत नाही, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं.

हे फोटो साधारण कोणत्या काळातले असतात?

सहज हाती लागणारे बहुतेक १८६० ते १९१८ या काळातले. त्याआधीचे फार थोडे. डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि रॉबर्ट अ‍ॅडमसन या जोडीने १८४६ मध्ये एडिंबराच्या किल्ल्यात ९२व्या गॉर्डन हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीचे फोटो काढले. सैनिकांच्या अगदी पहिल्या छायाचित्रांत त्यांची गणना होते. इकडे बंगालच्या फौजेतला स्कॉटिश डॉक्टर जॉन मॅकॉश १८४८-४९ च्या शीख युद्धाच्या सुमारास आणि पुढे १८५२ मध्ये ब्रह्मदेशात आपल्या आसपासच्या माणसांचे फोटो काढत होता. हे अपवाद झाले. साध्या शिपायाच्या खिशाला परवडेल असा फोटो आला तो कार्ट द व्हिझिटमुळे, म्हणजे छोट्या पुठ्ठ्यावर डकवलेल्या फोटोमुळे. पॅरिसच्या दिस्देरी या फोटोग्राफरने १८५४ मध्ये एकाच काचेवर अनेक छोट्या प्रतिमा घेण्याचं पेटंट मिळवलं आणि १८६० नंतर छावणी तिथे फोटोवाला अशी स्थिती झाली. पगार झाला की शिपाई नवा कडक पोशाख घालून स्टुडिओत जाई, प्रती काढून घेई आणि एक पर्थशायर किंवा अ‍ॅबर्डीनला आईकडे टपालाने धाडी.

फोटो हातात आला की सुरुवात कुठून करायची?

मागच्या बाजूपासून. आधी पुठ्ठा, मग स्टुडिओचा छाप, मग पोशाख, मग पदकं आणि फिती. चेहरा आणि नाव सगळ्यात शेवटी. हा क्रम मी आग्रहाने सांगतो. एकदा मनात नाव बसलं की डोळे त्या नावाला सोयीचं तेवढंच पाहतात. तीन पदकांची दोन होतात आणि गॉर्डनचा शिपाई ब्लॅक वॉच या दुसऱ्याच पलटणीचा होऊन बसतो. विकणाऱ्याने सांगितलेली गोष्ट वेगळ्या कागदावर लिहून ठेवा आणि काम संपेपर्यंत बाजूला ठेवा.

आकार आणि पुठ्ठ्यावरून काय कळतं?

काळाचा ढोबळ अंदाज. साधारण साडेसहा बाय दहा सेंटीमीटरचा छोटा पुठ्ठा म्हणजे कार्ट द व्हिझिट. साधारण ११ बाय साडेसोळा सेंटीमीटरचा मोठा पुठ्ठा म्हणजे कॅबिनेट कार्ड, ते १८६६ पासून. सुरुवातीच्या कार्टचा पुठ्ठा पातळ, कोपरे चौकोनी, मागे छोटासा साधा शिक्का. पुढे पुठ्ठा जाड होत गेला, कोपरे गोल झाले, कडांना सोनेरी मुलामा आला आणि मागची सगळी जागा नक्षीदार छापाने भरली. काचेवर असेल तर अँब्रोटाइप, पत्र्यावर असेल तर टिनटाइप. दोन्ही १८५० च्या दशकातली पद्धत, पण टिनटाइप पुढेही बराच काळ चालले. पोस्टकार्डाच्या आकाराचा आणि मागे पत्त्याच्या रेघा असलेला फोटो बहुधा विसाव्या शतकातला.

भिंगाखाली प्रतिमेत बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर तो मूळ फोटो नाही, छापखान्यातून निघालेलं चित्र आहे. विकत घेण्याआधी एवढं तरी जरूर तपासा.

स्टुडिओचं नाव वाचता येतंय. त्याचा उपयोग कसा करायचा?

नावापेक्षा पत्त्याला महत्त्व द्या. मोठे स्टुडिओ अनेक वर्षं चालले, पण शाखा आणि पत्ते बदलत राहिले. बोर्न अँड शेफर्डचा कारभार १८६० च्या दशकात सिमल्यातून सुरू झाला, कलकत्ता आणि मुंबईपर्यंत पसरला आणि त्यांचं कोलकात्यातलं दुकान २०१६ पर्यंत उघडं होतं. नुसतं ‘बोर्न अँड शेफर्ड’ एवढ्यावरून काळ ठरत नाही. मागे कोणकोणत्या गावांची नावं छापली आहेत त्यावरून ठरतो. राजा दीनदयाळ यांचंही तसंच : आधी इंदूर, मग सिकंदराबाद, मग १८९० च्या दशकात मुंबई. त्यामुळे ज्या कार्डावर मुंबई आहे ते त्याआधीचं नाही. कलकत्त्याच्या जॉन्स्टन अँड हॉफमनकडेही सैनिकांची वर्दळ असे.

लहान स्टुडिओंसाठी जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्या चाळाव्या लागतात. थॅकरच्या डिरेक्टरीत गावोगावचे फोटोग्राफर वर्षवार दिलेले आहेत. एका वर्षीच्या यादीत नाव आहे आणि चार वर्षांनंतरच्या यादीत नाही, एवढं कळलं तरी बरंच काम होतं.

लाल डगला काळा का दिसतो? टार्टनच्या, म्हणजे किल्टच्या चौकटीच्या कापडाच्या, रेघा कुठे जातात?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

त्या काळच्या काचा सगळे रंग सारखे पकडत नसत. कोलोडियन हे चिकट रसायन लावलेल्या ओल्या काचा आणि नंतरच्या साध्या जिलेटिनच्या कोरड्या काचा मुख्यतः निळ्या आणि जांभळ्या प्रकाशाला प्रतिसाद देत. लाल आणि पिवळा त्यांना जवळजवळ अंधारासारखाच. म्हणून भडक लाल डगला फोटोत काळपट उतरतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, हा काळ्या कोटातला कोणीतरी दुसराच. पिवळी कॉलर गडद दिसते आणि ती निळी समजली जाते. यावरून पलटणच चुकते, कारण १८८१ नंतर गॉर्डन, अर्गाइल या पलटणींच्या कॉलरी पिवळ्या होत्या, तर ‘रॉयल’ दर्जाच्या ब्लॅक वॉच आणि कॅमरन यांच्या निळ्या.

टार्टनचं तर विचारूच नका. गॉर्डनचं टार्टन म्हणजे ब्लॅक वॉचच्या गडद हिरव्या-निळ्या कापडावर पिवळी रेघ. जुन्या काचेवर ती पिवळी रेघ बुडून जाते आणि उरतो ब्लॅक वॉचचा किल्ट. सीफोर्थ पलटणीच्या मॅकेन्झी टार्टनमध्ये पांढऱ्या आणि लाल रेघा असतात. पांढरी ठसठशीत दिसते, लाल नाहीशी होते. मोज्यांवरच्या चौकटींचंही तेच. सीफोर्थ आणि अर्गाइल यांच्या लाल-पांढऱ्या चौकटी स्पष्ट उमटतात, ब्लॅक वॉचच्या लाल-काळ्या चौकटी मात्र एकमेकींत मिसळून मोजा सपाट गडद दिसतो.

चेहऱ्यावरही हा परिणाम होतो. निळे डोळे इतके फिके उतरतात की बुबुळ नाहीसंच वाटतं. गोऱ्या कातडीवरचे बारीक वांग आणि उन्हाने भाजलेली लाली काळी पडते. असा फोटो पाहून ‘देवीचे वण’, ‘आजारी माणूस’ असे निष्कर्ष काढलेले मी वाचले आहेत. १८८० नंतर हिरवा-पिवळा पकडणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा बाजारात आल्या आणि पहिल्या महायुद्धापर्यंत बऱ्यापैकी रुळल्या. त्यांवर गॉर्डनची पिवळी रेघ दिसू लागते, लाल तेव्हाही गडदच राहतो.

पदकं उजव्या छातीवर दिसतात. शिपायाने चुकून लावली असतील का?

सहसा फोटो उलटा असतो. टिनटाइप आणि बरेचसे अँब्रोटाइप आरशातल्यासारखी प्रतिमा देतात. शंका आली तर किल्ट पाहा : वरच्या पदराची झालर असलेली कड शिपायाच्या स्वतःच्या उजव्या बाजूला यायला हवी. तीही डावीकडे असेल, तर संगणकावर प्रतिमा फिरवून पुन्हा वाचा.

फोटो सुलट असेल आणि तरीही उजव्या छातीवर पदक असेल, तर ते बहुधा दारूबंदीचं. हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणींमध्ये सोल्जर्स टोटल अ‍ॅब्स्टिनन्स असोसिएशन आणि नंतर आर्मी टेंपरन्स असोसिएशन यांनी दारूला न शिवण्याची शपथ पाळणाऱ्यांना पदकं दिली. ती उजवीकडे लावत. लढाईचं पदक समजून त्यांचा शोध घेत बसणारे बरेच आहेत.

पलटण कशी ओळखायची?

रंगांवर भरवसा नाही, तर आकारांवर ठेवायचा. माझी नजर सगळ्यात आधी स्पोरनवर जाते, म्हणजे किल्टपुढे लोंबणाऱ्या केसाळ पिशवीवर. ती काळी-पांढरी असते आणि काळा-पांढरा फरक जुनी काचही फसवत नाही. पांढऱ्या केसांवर पाच काळे गोंडे : ब्लॅक वॉच. पांढऱ्यावर दोन लांब काळे गोंडे : सीफोर्थ किंवा गॉर्डन, मग वरच्या धातूच्या पट्टीवरचा बिल्ला पाहून ठरवायचं. काळ्यावर दोन पांढरे : कॅमरन. काळ्यावर सहा आखूड पांढरे : अर्गाइल अँड सदरलँड. हे साध्या शिपायांचं झालं. अधिकाऱ्यांचे स्पोरन वेगळे आणि जास्त नटलेले असत.

दुसरी खूण टोपी. घडीची, होडीसारखी ग्लेनगॅरी डोक्यावर असेल तर तिच्या कडेला चौकटींची पट्टी आहे का पाहा. ब्लॅक वॉच आणि कॅमरन यांची ग्लेनगॅरी साधी. सीफोर्थ, गॉर्डन, अर्गाइल यांची चौकटींची. शहामृगाच्या पिसांच्या उंच टोपीवरचा तुरा ब्लॅक वॉचमध्ये लाल, बाकीच्या हायलँड (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या) पलटणींत पांढरा. फोटोत लाल तुरा काळा दिसेल, आणि काळ्या पिसांवर काळा तुरा म्हणजे तुराच नाही असा भास होईल. नीट प्रकाशात भिंग लावून पाहा.

मग बिल्ला. हरणाचं डोकं सीफोर्थचंही आहे आणि गॉर्डनचंही. गॉर्डनच्या हरणाभोवती आयव्हीच्या पानांची माळ असते. अर्गाइलचा बिल्ला आकाराने मोठा, त्यात रानडुकराचं डोकं आणि मांजर.

सगळ्या स्कॉटिश पलटणी किल्ट घालत नसत हेही ध्यानात ठेवा. रॉयल स्कॉट्स, रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्स, किंग्ज ओन स्कॉटिश बॉर्डरर्स, कॅमेरोनियन्स या लोलँड (दक्षिणेकडच्या सखल भागातल्या) पलटणी टार्टनची विजार घालत. हायलँड लाइट इन्फंट्री नावाने हायलँड, पण तिच्या नियमित बटालियनही विजारवाल्याच.

१८८१ या वर्षाचा उल्लेख सारखा का येतो?

त्या वर्षी ब्रिटिश युद्धमंत्री चिल्डर्स यांच्या सुधारणांत आकड्यांच्या जुन्या पलटणी जोडून नावांच्या नव्या रेजिमेंट झाल्या. ७२वी आणि ७८वी मिळून सीफोर्थ, ७५वी आणि ९२वी मिळून गॉर्डन, ९१वी आणि ९३वी मिळून अर्गाइल, ७१वी आणि ७४वी मिळून हायलँड लाइट इन्फंट्री. कॅमरन म्हणजे ७९वी, ती एकटीच राहिली. तिला दुसरी बटालियन १८९७ मध्ये मिळाली. टोपीवर किंवा खांद्यावर आकडा दिसला तर फोटो बहुधा १८८१ च्या आधीचा.

या रचनेत साधारणपणे एक बटालियन मायदेशी आणि दुसरी परदेशी असे. त्यामुळे ‘गॉर्डन, पेशावर, १८९० चं दशक’ एवढं हाती लागलं की कोणती बटालियन ते बऱ्याचदा आपोआप ठरतं.

बिल्ल्यावर हत्ती आहे. हा भारतीय पलटणीतला का?

नाही, पण आपल्याशी त्याचा फार जवळचा संबंध आहे. हा हत्ती जालना जिल्ह्यातल्या असईचा.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात आर्थर वेलस्लीची फौज आणि शिंदे-भोसले यांचं सैन्य यांची गाठ पडली. वेलस्लीकडे ७४वी आणि ७८वी या दोन स्कॉटिश पलटणी होत्या. शिंद्यांच्या तोफखान्याने ७४व्या पलटणीची दाणादाण उडवली. तिचे जवळजवळ सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. लढाई जिंकल्यावर कंपनी सरकारने या पलटणींना हत्तीचं चिन्ह असलेलं मानाचं निशाण दिलं. पुढे ७४वी हायलँड लाइट इन्फंट्रीत गेली, ७८वी सीफोर्थमध्ये, आणि हत्तीही त्यांच्याबरोबर गेला. हायलँड लाइट इन्फंट्रीच्या टोपीच्या बिल्ल्यात चांदणी, शिंग, मुकुट आणि तळाशी हत्ती, सोबत इंग्रजीत असईचं नाव. सीफोर्थच्या कॉलरीवरही हत्ती असे.

म्हणजे १९१५ मध्ये ग्लासगोचा एखादा पोरगा इजिप्तमधल्या स्टुडिओत टोपी सावरून बसतो, तेव्हा त्याच्या कपाळावर मराठवाड्यातल्या एका खेड्याचं नाव असतं. चांगल्या स्कॅनमध्ये ती अक्षरं वाचता येतात. असई बघून आलेल्या प्रत्येकाने हा बिल्ला एकदा मोठा करून पाहावा असं मला फार वाटतं.

किल्ट म्हणजे माणूस स्कॉटिशच ना?

अजिबात गृहीत धरू नका. हायलँड पलटणींत इंग्लिश आणि आयरिश पोरं भरपूर होती. शिवाय जगभर किल्टवाल्या स्थानिक पलटणी होत्या : केपटाउन हायलँडर्स १८८५ पासून, कलकत्ता स्कॉटिश १९१४ पासून, कॅनडात आणि ऑस्ट्रेलियातही बऱ्याच. लंडन स्कॉटिशचा करड्या कापडाचा, बिनरेघांचा किल्ट तर पाहताक्षणी ओळखू येतो. कलकत्ता स्कॉटिशमधले लोक कचेऱ्यांत आणि पेढ्यांवर काम करणारे गोरे होते, त्यांची बदली होऊन ते ‘परदेशी’ आले नव्हते.

उलट बाजूने, साध्या विजारीतला माणूस अस्सल हायलँडर असू शकतो. उन्हाळ्यात पांढरे किंवा खाकी कपडे घालून काढलेल्या फोटोत पलटणीची खूण म्हणून हेल्मेटच्या पागोट्यावर शिवलेला टार्टनचा तुकडा किंवा खांद्यावरचा बिल्ला एवढंच उरतं.

फोटो भारतातच काढला हे कशावरून ठरवायचं?

स्टुडिओचा छाप हा सगळ्यात भक्कम पुरावा. तो नसेल तर सावध राहा. पांढरं हेल्मेट पाहून लोक लगेच ‘इंडिया’ म्हणतात. पण तेच हेल्मेट इजिप्त, माल्टा, दक्षिण आफ्रिकेतही होतं, आणि जहाज पकडण्याआधी मायदेशातही काहीजण ते घालून फोटो काढून घेत. आखूड पांढरं जाकीट तर हायलँड पलटणी स्कॉटलंडमध्येही कवायतीला घालत.

रंगवलेला पडदा सगळीकडे विलायती धाटणीचाच : खांब, कठडा, तळं, दूरवर किल्ला. त्याच्या खाली मात्र लक्ष द्या. जमिनीवरची सतरंजी, वेताची खुर्ची, पडदा संपतो तिथे दिसणारी फरशी, या गोष्टी स्टुडिओवाल्याने स्थानिक बाजारातून घेतलेल्या असत. एकाच स्टुडिओचे पाच-सहा फोटो शेजारी ठेवले की तोच पडदा, तोच कठडा, त्याच सतरंजीवरचा तोच डाग दिसू लागतो. छाप नसलेल्या फोटोचा स्टुडिओ या वाटेने बऱ्याचदा सापडतो. बुटांच्या मागे लोखंडी पायाचा तुकडा दिसला तर तो मान आणि पाठ स्थिर ठेवणाऱ्या स्टँडचा. काचेला प्रकाश घ्यायला काही सेकंद लागत, तेवढा वेळ हलायचं नाही.

पदकं आणि फिती कशा वाचायच्या?

पदक फोटोच्या आधी कधीतरी मिळालेलं असतं, म्हणून सगळ्यात नवं पदक ओळखलं की तारखेची खालची मर्यादा मिळते. ऑगस्ट १८८० मध्ये जनरल रॉबर्ट्सबरोबर काबूलहून कंदाहारला चालत गेलेल्या ७२व्या आणि ९२व्या हायलँडर्सच्या छातीवर काश्याची चांदणी असते. ती तोफांच्या धातूपासून केलेली. दुसरी काश्याची चांदणी इजिप्तच्या खेदिवाने (तिथल्या राज्यकर्त्याने) दिलेली, १८८२ पासूनच्या मोहिमांची. तेल-अल-कबीरच्या लढाईत ब्लॅक वॉच, गॉर्डन, कॅमरन आणि हायलँड लाइट इन्फंट्री या चौघी होत्या, म्हणून ती बऱ्याच फोटोंत दिसते. इजिप्तच्या रुपेरी पदकाची फीत निळी-पांढरी पट्ट्यांची. निळा फिका पडत असल्यामुळे जुन्या काचेवर ती जवळजवळ कोरी पांढरी दिसते. १८९७ मध्ये दर्गाईच्या टेकडीवर गॉर्डननी केलेल्या चढाईची आठवण सांगणारं १८९५ चं इंडिया मेडलही वारंवार भेटतं.

बाहीवरच्या फितींत गोंधळ होतो. टोक खाली असलेल्या फिती दंडावर : हुद्दा. टोक वर असलेल्या फिती डाव्या मनगटाच्या वर : चांगल्या वर्तणुकीच्या, पहिली दोन वर्षांच्या नोकरीनंतर, दुसरी सहा, तिसरी बारा. हुद्द्याची एकही फीत नाही पण अशा तीन-चार आहेत, तर तो अनेक वर्षं मुरलेला साधा शिपाई. अशा माणसांचे फोटो मला सेनापतींच्या फोटोंपेक्षा जास्त मोलाचे वाटतात. त्यांच्याबद्दल लिहिलेलं दुसरं काही उरलेलंच नसतं.

पहिल्या महायुद्धातल्या पोस्टकार्डांचं काय?

ती खूप आहेत आणि तुलनेने सोपी आहेत. मागे फ्रेंचमध्ये ‘कार्त पोस्ताल’ छापलेलं असेल तर फोटो फ्रान्स किंवा बेल्जियमच्या बाजूला काढलेला असण्याची शक्यता जास्त, पण फ्रेंच छपाईचा कागद इजिप्त आणि इतरत्रही वापरत. किल्टवर खाकी अ‍ॅप्रन, डगल्याचे पुढचे कोपरे गोल कापलेले, आणि १९१५ पासून ग्लेनगॅरीऐवजी रुंद खाकी टॅम ओ’शँटर टोपी. डाव्या बाहीवर खाली उभी पितळी पट्टी असेल तर ती जखमेची, १९१६ पासूनची. उजव्या बाहीवर खाली छोट्या फिती असतील तर परदेशातल्या नोकरीच्या. म्हणजे फोटो १९१८ किंवा त्यानंतरचा.

उत्तर फ्रान्समधल्या विन्याकूर गावात थुइलिए पती-पत्नींनी आघाडीवरून विश्रांतीला आलेल्या सैनिकांचे फोटो काढले होते. त्यांच्या जवळपास चार हजार काचा २०११ मध्ये माळ्यावर सापडल्या. ऑस्ट्रेलियन सैनिकांमुळे त्या गाजल्या, पण त्यांत ब्रिटिश सैनिकही आहेत. या काचा पाहिल्या की एकाच रंगवलेल्या पडद्यासमोर किती देशांची माणसं उभी राहून गेली ते कळतं.

नाव शोधता येईल का?

मागे काहीच लिहिलेलं नसेल तर बहुतेक वेळा नाही, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. काही दुवा असेल तर या क्रमाने जा. पलटण आणि वर्ष ठरवा. ती तेव्हा कुठे होती ते आर्मी लिस्टमध्ये पाहा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने ब्रिटिश लष्कराच्या जुन्या याद्या स्कॅन करून मोफत ठेवल्या आहेत. शिपायांचे निवृत्तीचे कागद लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) ९७ या मालिकेत १९१३ पर्यंतचे आहेत. त्यांत उंची, डोळ्यांचा रंग, जखमांचे व्रणसुद्धा नोंदलेले असतात. पदकांच्या याद्या डब्ल्यूओ १०० मध्ये. पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या कागदांचा मोठा भाग १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाला, तेव्हा तिथे काही मिळालं नाही म्हणून माणूस नव्हताच असं समजू नका.

भारतात लग्न, बाप्तिस्मा किंवा मृत्यू झाला असेल तर ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्डमध्ये एन मालिका आहे. मुंबई इलाख्यासाठी एन/३. पलटणींची संग्रहालयंही मदत करतात : ब्लॅक वॉच पर्थला, गॉर्डन अ‍ॅबर्डीनला, सीफोर्थ आणि कॅमरन फोर्ट जॉर्जला, अर्गाइल स्टर्लिंगच्या किल्ल्यात. त्यांना लिहिताना दोन्ही बाजूंचं चांगलं स्कॅन पाठवा आणि एकच नेमका प्रश्न विचारा.

मागे नाव लिहिलेलं आहे. मग तर काम झालं?

ते नाव कोणाचं हे आधी ठरवा. फोटोतल्या माणसाचं, पाठवणाऱ्याचं, की ज्याला पाठवला त्याचं? शिपाई एकमेकांना फोटो देत, त्यामुळे ‘तुझा मित्र’ म्हणून सही करणारा आणि अल्बमचा मालक वेगळे. शिवाय शाई जुनी आहे की बॉलपेनने पन्नास वर्षांपूर्वी नातवाने अंदाजाने लिहिलं आहे, तेही पाहा. नाव पलटणीच्या हजेरीपटात सापडलं आणि पोशाख, पदकं त्याच्याशी जुळली, तरच ते फोटोतल्या माणसाला लावा.

फोटोत शेजारी एक भारतीय माणूस उभा आहे. तो कोण?

बराकीतला बेअरर, भिस्ती, धोबी, मोची, कधी पलटणीबरोबर गावोगाव फिरणारा शिंपी. गोऱ्या पलटणीचा सगळा दिनक्रम या माणसांच्या जोरावर चाले. शिपायाचं नाव कधीमधी सापडतं, यांचं जवळजवळ कधीच नाही. लिलावाच्या वर्णनात ‘सीफोर्थचा सार्जंट’ एवढंच लिहितात आणि शेजारी उभा असलेला माणूस खुर्ची-टेबलाच्या रांगेत जातो. तुम्ही नोंद कराल तेव्हा ‘दोन व्यक्ती’ असं लिहा. दुसऱ्याचा पोशाख, पागोट्याची बांधणी, हातातली वस्तू, पायात जोडे आहेत की नाहीत, तो उभा आहे की बसवला आहे, हे पहिल्याइतकंच तपशिलात टिपा. आज नाव नसलं तरी उद्या दुसऱ्या फोटोत तोच चेहरा कोणाला तरी ओळखू येईल, आणि तेव्हा तुमची नोंद कामी येईल.

कॅमेऱ्यामागेही आपली माणसं होती. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली; डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. तेव्हा ‘गोऱ्या साहेबाचा फोटो गोऱ्याच फोटोग्राफरने काढला’ असं धरून चालू नका.

संगणकाने रंग भरून, चेहरा साफ करून घेऊ का?

हौसेसाठी वेगळी प्रत करा, अभ्यासासाठी ती वापरू नका. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं न दिसणारी गोष्ट अंदाजाने भरतात. धूसर बिल्ल्याचा सुंदर पण खोटा बिल्ला होतो, टार्टनला नसलेल्या रेघा फुटतात. त्या काळी हाताने रंगवलेल्या फोटोंबाबतही हीच काळजी घ्या. रंगवणाऱ्याने पलटणीचं टार्टन पाहिलेलंच असेल असं नाही.

जपायचा कसा?

आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. हवेतल्या ओलीने कागदावरचा अल्ब्युमिनचा (अंड्याच्या पांढऱ्याचा) थर पिवळा पडतो, बुरशी धरते, कसर पुठ्ठा खाते. आम्लरहित कागदाचं पाकीट, त्यावर डबा, डब्यात सिलिका जेल, आणि डबा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको. सेलोटेप, लॅमिनेशन, ओलं फडकं, मागे पेनने लिहिणं यांतलं काहीही करू नका. नोंद पाकिटावर पेन्सिलीने करा. काचेवरचे आणि पत्र्यावरचे फोटो घरी उघडून पुसायला जाऊ नका, थर निघून येतो. दोन्ही बाजूंचं स्कॅन करा, छोट्या कार्टसाठी १२०० डीपीआय ठेवा, आणि पुठ्ठ्याच्या कडा कापू नका.

परदेशातल्या संग्राहकाने विकत मागितला आहे. पाठवू का?

आधी कायदा पाहा. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. तुमचा फोटो त्यात मोडतो की नाही, हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारून घ्या आणि उत्तर लेखी घ्या. नुसत्या अभ्यासासाठी मागणी असेल तर उत्तम स्कॅन पाठवलं की काम भागतं. शिपायाच्या घरच्या लोकांनी स्वतः संपर्क साधला असेल, तर स्कॅनबरोबर तुमची पूर्ण नोंदही द्या : फोटो कुठे मिळाला, मागे काय लिहिलं होतं, शेजारी कोण उभं होतं. त्या बदल्यात त्यांच्याकडची पत्रं आणि इतर फोटो पाहायला मागा. त्याच माणसाचा मायदेशात काढलेला दुसरा फोटो मिळाला, तर ओळख पक्की करायला त्याहून चांगला पुरावा नाही.